जिनपेईचं पांढरं निशाण

ओइकावा जिनपेई गावाचा निशाणवाला होता, आणि निशाण सोडलं तर कोणीच नव्हता. बाप खरा आभाळ वाचायचा. आज कापलेला कोंबू, म्हणजे खायचं समुद्री शेवाळ, संध्याकाळपर्यंत वाळेल, अशी खात्री झाली की तो पांढरं निशाण चढवायचा आणि मगच होड्या सुटायच्या. त्याआधी समुद्रातल्या त्या लांबलचक पात्यांना कोयता लावायची कोणाची छाती नव्हती. बाप गेला, दोरी मुलाच्या हातात आली. अक्कल काही दोरीबरोबर येत नाही. जिनपेई घरात गुपचूप रेडिओवरचं हवामान ऐकायचा आणि बाहेर येऊन डोळे बारीक करून आभाळाकडे बघायचा. सोंग मात्र झकास वठवायचा!

पाण्याचं तर त्याला भयच. खाडीतलं कोंबूचं रान उनींनी, म्हणजे त्या काटेरी गोळ्यांसारख्या समुद्री जिवांनी, खाऊन फस्त केलं, तेव्हा त्याची थोरली बहीण त्सुरुयो गावातल्या बायका घेऊन ऐन थंडीत पाण्यात उतरली. दर हिवाळ्यात एकेक उनी हातानं वेचून काढायची. हे महाशय काठावर शेकोटीला पाय लावून बसायचे आणि ओरडायचे, "ताई, डावीकडचं राहिलं बघ!"

"तूच ये की रे! का मिशा भिजतील?" ती खालून विचारायची.

पण रान परत उगवलं. पिकून त्याचं बी पसरावं, शेजारचे उघडे खडकही भरावेत, म्हणून गावानं खाडीत कोयता बंद केला. पुन्हा कधी सुरू करायचा? तोवर गुंडाळून ठेवलेलं पांढरं निशाण भूशिरावर पुन्हा चढेल तेव्हा. आणि निशाणवाल्याला 'का' विचारायचं नाही, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

मग शहरातून रिकाको नावाची मुलगी आली. काचेच्या तळाच्या होडीतून ती लोकांना पाण्यातलं रान दाखवायची, शाळांच्या सहली आणायची. पोरगी कष्टाळू होती, पण गावाच्या रीतीभाती तिला काय ठाऊक! तिनं जिनपेईला 'रानाचे राखणदार' करून टाकलं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालं. जे रान त्यानं काठावरूनच पाहिलं होतं, त्यातले मासे तो मुलांना नावानिशी सांगू लागला. निम्मी नावं खोटी.

त्या दिवशी सकाळी ऊन लख्ख होतं. शाळेची मुलं भूशिरावर गोळा झाली होती.

"जिनपेई-सान, निशाण कसं चढवतात ते दाखवा ना," रिकाको म्हणाली. "फोटो छान येईल."

"छे छे, ते उगाच चढवत नसतात," तो तोंडदेखलं म्हणाला. हात दोरीला लागलेसुद्धा होते.

निशाण चढलं. वाऱ्यावर फडफडलं. जिनपेईनं छाती फुगवून फोटो काढून घेतले. इकडे गावात लोक भाताचे वाडगे तसेच टाकून उठले आणि बघता बघता बंदरातून होड्या सुटल्या. लांब दांड्याचे कोयते उन्हात चमकत सरळ खाडीकडे आले.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. निशाण खाली घेतलं की कोयते जागच्या जागी थांबतात, हीसुद्धा रीतच. दोरी त्याच्याच हातात होती. पण मुलांसमोर, त्या पोरीसमोर 'चुकलो' म्हणायचं?

"अय्या, होड्यासुद्धा!" रिकाको हरखली. तिला वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. "मुलांनो, टाळ्या वाजवा!"

टाळ्या कडाडल्या. आणि तो निर्लज्ज माणूस कमरेत वाकला. टाळ्या घेतल्या त्यानं!

सगळ्यांच्या पुढे त्सुरुयोची होडी होती. भूशिराखाली येताच तिनं वर पाहिलं. म्हातारीचा चेहरा नुसता फुलला होता.

"जिनप्या, पिकलं का रे? मला मेलीला वाटत होतं, अजून दोन वर्षं तरी हात लावू नये. बघ, मला काही कळत नाही! तू सांगतोस म्हणजे झालं."

दोरी अजून त्याच्या मुठीत होती.

"पिकलंय, ताई," जिनपेई म्हणाला. "काप बिनधास्त."

तिनं समुद्राला वाकून नमस्कार केला आणि कोयता मुळाशी घातला.