माणिकडोहच्या पाण्यावरून आणलेली होडी

चाकणच्या कंपनीतलं ह्यांचं काम सुटलं आणि हे गावी येऊन राहिले. आमचं गाव डिंभे धरणाच्या पाण्याच्या वर, डोंगराच्या अंगाला आहे. सासऱ्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली ती माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांच्या बांधांच्या रेघा तेवढ्या दिसतात. मी अंगणवाडीत सेविका. घरात मी एकटीच कमावती, हे ह्यांच्या मनाला लागत होतं. बोलून दाखवायचे नाहीत, पण जेवताना ताटाकडे बघत जेवायचे.

गावातली काही माणसं ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकायची आणि चिलापी, कटला असले मासे घोडेगावच्या बाजारात विकायची. ट्यूबवर लोंबकळायचं आपलं वय राहिलं नाही, एखादी जुनी होडी बघू, असं ह्यांनी ठरवलं. विचारता विचारता जुन्नरच्या बाजूला एक असल्याचं कळलं. घाटघरच्या रस्त्याला, माणिकडोह धरणाच्या पाण्याच्या कडेला, एका आंब्याखाली ती उपडी घातलेली होती. जाड पत्र्याची, निळ्या रंगाची, वर पालापाचोळा साचलेला. विकणारा म्हातारा भातशेतीवाला होता. होडी थोरल्या भावाची, तो वारल्यापासून पडून आहे, मला पाण्यातलं काही कळत नाही, असं तो म्हणाला. ह्यांनी जी किंमत सांगितली तिला त्यानं लगेच मान डोलावली. त्याची बायको दारातच उभी होती. आम्ही होडी पिकअपमध्ये चढवली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "एकदा नेली का माघारी आणू नका."

घरी आल्यावर होडी धुताना एक गोष्ट दिसली. तिचा उजवा काठ मधल्या भागात वीतभर खाली कापलेला होता आणि तिथं लोखंडी पाइप बसवलेला होता. पाइप घट्ट नव्हता, हातानं ढकलला की गरगर फिरायचा. जाळं ओढायला केलं असेल, हे म्हणाले. पण त्या बाजूनं जाळं ओढलं की पाइपात गुंतायचं, म्हणून हे दुसऱ्या बाजूनंच ओढायला लागले. एवढी मेहनत करून कुणी निरुपयोगी वस्तू का बसवील, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पण विचारणार कुणाला?

पावसाळा ओसरला तेव्हा होडी बुडातून गळायला लागली. घोडेगावच्या वेल्डिंगवाल्यानं हात लावला नाही. जुनं काम आहे, जुन्नरला धान्याच्या पत्र्याच्या कणग्या करणारे आहेत त्यांच्याकडे न्या, असं त्यानं सांगितलं. म्हणून आम्ही ती जुन्नरला नेली. बाजारपेठेच्या मागं एका मुसलमान कारागिराचं वर्कशॉप होतं. बाहेर गेट, पत्र्याच्या कोठ्या, पाण्याच्या टाक्या मांडलेल्या. माणूस पन्नाशीचा असेल. पिकअपमध्ये होडी बघितली आणि त्यानं हातातला ग्राइंडर बंद करून खाली ठेवला. जवळ आला, पाइपावर हात ठेवला, तो फिरवून बघितला.

"ही आमच्या अब्बांची," तो म्हणाला.

ह्यांना वाटलं, तो होडीवर हक्क सांगतोय. हे घाईघाईनं सांगायला लागले की आम्ही रीतसर विकत घेतलीय. त्यानं मान हलवली, आम्हाला आत बसवलं आणि चहा सांगितला. मग त्यानं जे सांगितलं ते मी इथं माझ्या शब्दांत लिहिते.

त्याचे वडील धान्याच्या कोठ्या बनवायचे. माणिकडोहचं पाणी भरलं आणि पलीकडच्या वाड्या तुटल्या, तेव्हा आम्हाला होडी विकणाऱ्या म्हाताऱ्याचा थोरला भाऊ वडिलांकडे आला आणि पत्र्याची होडी करून मागितली. वडिलांनी आयुष्यात होडी केली नव्हती. बसून विचार केला, कोठीसारखेच जोड घातले आणि होडी तयार केली. पहिली काही वर्षं ती माणसं पलीकडे नेण्याआणण्याचं काम करत होती. आजारी माणसं, अडलेल्या बाया, गवताचे भारे, नवरा-नवरी. पुढं पाण्याला वळसा घालून रस्ता झाला आणि ते काम संपलं. पण त्या अंगाला होडी ती एकच. कुणी बुडालं की हिलाच बोलावणं यायचं. मग येडगावच्या धरणावरून यायला लागलं, पिंपळगाव जोग्याच्या धरणावरून यायला लागलं. टेम्पोत घालून न्यायचे. होडीवाला कुणाला नाही म्हणायचा नाही.

इथवर तो सरळ सांगत होता. मग आत जाऊन पाणी पिऊन आला.

"माझा धाकटा भाऊ दोस्तांबरोबर पोहायला गेला होता. ह्याच होडीनं काढला त्याला. तेव्हा हा काठ सरळ होता आणि पत्र्याची धार होती, ताई. वर ओढताना छातीवर लागली. अब्बांनी मयताला स्वतः आंघोळ घातली. पाण्यानं त्याला काही केलं नव्हतं. झोपल्यासारखा होता. छातीवर ती रेघ तेवढी होती."

पुढं काही दिवसांनी वडिलांनी होडीवाल्याला निरोप धाडला, होडी घेऊन ये. होडीवाला घाबरतच आला. त्याला वाटलं, बाप पोराच्या दुःखात होडी तोडून टाकणार. वडिलांनी काठ कापला, कानशीनं घासून मऊ केला, पाइप बसवला आणि तो फिरतो का ते स्वतःचं पोट त्यावर घासून बघितलं. त्यानंतर त्या होडीकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. दुकानासमोरून टेम्पो गेला तरी पाठ करून बसायचे.

"माणूस वर घेताना अंग खरचटू नये, म्हणून तो पाइप," तो म्हणाला.

त्यानं बूड दुरुस्त करून दिलं. आम्ही निघालो तेव्हा तो रस्त्यापर्यंत आला होता.

माझ्याच आग्रहानं गाडी घाटघरच्या रस्त्याला वळवली. म्हातारा शेतात होता. त्याच्या बायकोनं आम्हाला बघितलं, मग पिकअपमधली होडी बघितली. होडी परत द्यायला आलो नाही, असं मी आधीच सांगून टाकलं, तेव्हा ती ओट्यावर बसली. दीर चांगला माणूस व्हता, ती म्हणाली. माणसाला वर घेताना त्याच्याशी बोलायचा, चल बाळा, घरी जाऊ. पण लोकांनी त्याच्याकडचे मासे घेणं बंद केलं. लग्नात त्याच्या शेजारच्या पाटावर कुणी बसेना. बायको माहेरी गेली ती आलीच नाही. शेवटी शेवटी तो होडीतच झोपायचा आणि घरात आला की हात धूत राहायचा. कातडं निघेस्तोवर धुवायचा.

"तुमाला सांगितलं नाय, कारण सांगितलं असतं तर तुमी घेतली नसती," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, माफीही नव्हती.

घरी आल्यावर हे म्हणाले, विकून टाकू. मी विचारलं, कुणाला? पुढच्याला सांगून विकायची की न सांगता? गावात कुणाला बोलू नकोस, एवढं ह्यांनी बजावलं. मी बोलले नाही. सगळा हिवाळा हे जाळी टाकत होते, मासे बाजारात जात होते. पण घरात आम्ही दोघांनीही मासे खाणं सोडलं होतं. एकमेकांना कारण विचारलं नाही.

उन्हाळा आला, पाणी खाली गेलं आणि काठाला गाळ उघडा पडला. वरून तो वाळल्यासारखा दिसतो, पाय टाकला की गुडघ्याएवढा आत जातो. आमच्या गावात एक नवी सून आली होती. लोणीची. लोणी म्हणजे आमच्याच तालुक्याचा पूर्वेकडचा कोरडा मुलूख. तिथली माणसं टँकरची वाट बघत वाढलेली. एवढं पाणी रोज दारात बघून ती पोर हरखून गेली होती. अंगणवाडीत नाव नोंदवायला आली तेव्हा मला म्हणाली होती, माहेरी सांगते तर कुणाला खरं वाटत नाही. तिला दिवस गेले होते. त्या दिवशी सकाळी ती धुणं घेऊन गेली आणि आली नाही. काठावर बादली होती आणि गाळात पाय घसरत गेल्याच्या खुणा होत्या.

सगळं गाव पाण्यावर जमलं. पोलीस पाटलांनी फोन केला. बाहेरून माणसं यायला वेळ लागणार होता. ट्यूबवाले दोघं-तिघं उतरले, पण गाळात त्यांना तळ लागेना. तिचा नवरा छातीभर पाण्यात उभा होता, त्याला दोघांनी धरून ठेवलं होतं. लोक आमच्या होडीकडे बघत होते. हे काठावर उभे होते.

"माझ्यानं व्हायचं न्हाई," हे मला म्हणाले.

मी म्हटलं, तुम्ही नुसती वल्ही मारा, बाकीचं मी बघते. मला काय बघायचं होतं ते मला तरी कुठं ठाऊक होतं? पण गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, बाईमाणसाला बाईनंच वर घ्यावं, आणि मग मागं सरायला जागा राहिली नाही. गळ टाकणारा एक माणूस आमच्याबरोबर आला. हे माझ्याकडे पाठ करून बसले आणि वल्ही मारत राहिले.

ती फार लांब नव्हती. गळ साडीला लागला. मी उजव्या काठाशी गुडघ्यावर बसले आणि तिच्या काखेत हात घातले. तिचं ओझं पेलवेल असं मला वाटलं नव्हतं. पाइप फिरला आणि ती आत आली. मी तिचा पदर नीट केला, माझी ओढणी वरून घातली. परत येईपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ह्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.

लोणीची माणसं संध्याकाळी आली. पंचनामा झाला, अंत्यविधी झाला. तेव्हा माझं कुणाशी बोलणं झालं नाही. दिवसकार्य झाल्यावर तिचे वडील एकटेच मोटरसायकलवर आले. ते सासरच्या घरी गेले नाहीत, थेट अंगणवाडीत आले. मुलं घरी गेली होती. टोपी काढून हातात धरली आणि दारातच उभे राहिले. मी सतरंजी टाकली तरी बसले नाहीत.

"तुमीच वर घेतली ना तिला?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"अंगावर काय व्हतं का? वळ, मारल्याची खूण, खरचटल्यालं? खरं सांगा, ताई. आमच्याकडं लोक म्हनत्यात, केस कर. सासरच्यांनीच ढकलली असंल."

मी तिचे हात, गळा, पाठ बघितली होती. माझ्या मांडीवर होती ती. डाव्या हातातल्या काही बांगड्या फुटलेल्या होत्या, त्या गाळात टेकताना फुटल्या असाव्यात. बाकी अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मी ते सगळं सांगितलं. तिला घरात त्रास नव्हता, माझ्याशी ती बोलायची, हेही सांगितलं. त्या पाइपाचं मी त्यांना सांगितलं नाही. त्या घटकेला ते कसं सांगणार?

ते मग खाली बसले. बराच वेळ भिंतीवरच्या फळांच्या चित्रांकडे बघत राहिले.

"मंग मी कुनावर रागवू?" ते म्हणाले.

त्यांनी टोपी घातली आणि गेले. केस झाली नाही. लोणीच्या आणि आमच्या गावातल्या त्या दोन घरांचं येणंजाणं मात्र संपलं.

त्यानंतर आमचे मासे घोडेगावात कुणी घेईना. कोण सांगतं, कसं पसरतं, कळत नाही. हे मंचरच्या मार्केटला टेम्पो चालवायला लागले. होडी काठाला बांधलेली असते. पुढच्या पावसाळ्यात खालच्या गावात कुणी बुडाल्याचा फोन आला, तेव्हा मला वाटलं हे उचलणार नाहीत. ह्यांनी उचलला, कोण, कुठं, एवढं विचारलं आणि रजा टाकून आले. तेव्हापासून जातात. मी पाणी तापवून ठेवते. एकदा मी विचारलं, नाही म्हटलं तर चालणार नाही का? हे म्हणाले, मग त्यांनी कुणाला बोलवायचं?

लोणीची पोर गेली त्या घरात दुसरी सून आली आहे. मुलगा तरुण होता, माणसांनी लग्न करूनच दिलं. गेल्या महिन्यात ती नाव नोंदवायला अंगणवाडीत आली. बोटं एकमेकांत गुंतवून बसली होती. मी तिचं वजन केलं, गोळ्या दिल्या, काय खायचं ते सांगितलं. मग विचारलं, पोहता येतं का गं? ती लाजून हसली आणि नाही म्हणाली. मी तिला सांगितलं, धुण्याला जाशील तेव्हा मला हाक मार, मी येते. आता रोज सकाळी ती दारात येऊन उभी राहते, आणि मी हातातलं काम टाकून तिच्याबरोबर खाली जाते.