न पाहिलेली विहीर

“पाहिलंत, की ऐकलंत?”

कोणी काही सांगायला लागलं की काका हा प्रश्न विचारत. विचारताना चष्मा काढून हातात धरत आणि उत्तर येईपर्यंत परत डोळ्यांवर चढवत नसत. शेजारीण म्हणाली की नदीचं पाणी चढलंय, तरी तिलाही हेच. आमच्या चर्चचे पाळक महिन्यातून एकदा कल्याणहून उपासनेला येत. एकदा ते समाधानाने म्हणाले, “आज चाळीस तरी माणसं होती.” काका म्हणाले, “मोजली मी. एकतीस. दारातली शेळी धरली तर बत्तीस.” त्यानंतर पाळकांनी आमच्यासमोर कधी आकडा काढला नाही.

काका मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. गावासाठी ते भाऊसाहेब, आम्हा दहिवलीच्या चार ख्रिस्ती घरांसाठी काका. बायको आधीच गेली होती, मुलगी सोलापूरला दिलेली. मी शेजारच्या घरात राहत होते. माझे वडील रेल्वेत होते आणि मी कर्जतला मुलींना शिकवत होते. लढाई नुकती संपली होती. रेशनचं धान्य आणि रॉकेलची रांग मात्र संपली नव्हती.

रविवारी दुपारी तीन वाजता काका ओसरीवर सतरंजी अंथरत. आम्ही पाच-सहा जण जमायचो. त्याला ते ‘तयारीचा वर्ग’ म्हणत. शास्त्र, म्हणजे बायबल, तर सगळेच वाचतात, पण काका ते कचेरीतल्या माणसासारखं वाचत. दानीएलाची गोष्ट निघाली की आम्हाला त्याला टाकलं होतं ती सिंहांची गुहा आठवायची. काका सिंहांपाशी थांबतच नसत.

“सिंह एका दिवसाचे,” ते म्हणत. “त्याआधी काय झालं ते बघा. त्याच्या हेवेदारांनी त्याचं सगळं दप्तर उपसलं. इतकी वर्षं राजाची चाकरी, हाताखाली एवढी माणसं. आणि खोट कुठे सापडली नाही. मला त्या गुहेपेक्षा त्या दप्तराचा धाक वाटतो.”

योसेफाबद्दल ते सांगत की तो तुरुंगातच कारभार शिकला, म्हणून दुष्काळात देश सांभाळू शकला. नहेम्याबद्दल सांगत की त्याने शहराचा पडलेला तट आधी स्वतः फिरून पाहिला आणि मगच लोकांपुढे तोंड उघडलं. मग पुस्तक मिटून ते आम्हाला अर्ज लिहायला लावत. कुळाचा अर्ज, रस्त्याचा अर्ज, शाळेच्या गळक्या छपराचा अर्ज. कुठे एक शब्द फुगवलेला दिसला की त्याखाली नख ओढत.

मी एकदा विचारलं, “काका, आपण मूठभर लोक. आपल्याला कोण पुढारी करणार आहे?”

“नाही केलं तर अर्ज नीट लिहायला येतील,” ते म्हणाले. “आणि केलंच, तर त्या दिवशी शिकायला वेळ नसेल गं.”

स्वातंत्र्य आलं. पुढे लोकल बोर्डाच्या निवडणुकीचं बोलणं सुरू झालं, तेव्हा कशेळ्याकडचे काही शेतकरी काकांकडे आले. सगळे हिंदू, शेतीवाडीचे लोक. त्यांच्यातले एक वयस्कर पाटील म्हणाले, “भाऊसाहेब, तुमी उभं राहा. तुमी कोनाचा चहासुदिक घेतला नाय, हे आमाला ठावं हाय.” काकांनी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत आमच्या घरांतून एवढा आनंद होता की माझ्या आईने काकांचा जुना कोट धुऊन इस्त्री करून ठेवला. मला वाटत होतं, वर्गाचं आता सार्थक होणार.

आठव्या दिवशी काका हो म्हणाले, आणि सभा कशेळ्याच्या बाजाराच्या दिवशी ठरली. आम्ही बैलगाडीने पहाटेच निघालो. वैशाखाचे दिवस, बाजारात डोंगरावरच्या बायका करवंदांच्या पाट्या घेऊन बसलेल्या. वडाच्या पारावर काका उभे राहिले. भाषण त्यांना येत नसे. त्यांनी शमुवेलाची गोष्ट सांगितली. म्हातारा न्यायाधीश लोकांपुढे उभा राहिला आणि म्हणाला की मी कोणाचा बैल नेला असेल, कोणावर जुलूम केला असेल, तर आत्ता माझ्या तोंडावर सांगा.

“मीही तुम्हाला तेच विचारतो,” काका म्हणाले. “इतकी वर्षं कचेरीत होतो. कोणाचं काही असेल तर सांगा.”

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, “तुमचं काय असनार, भाऊसाहेब.” पाटील हार घेऊन पुढे झाले. तेवढ्यात करवंदांच्या पाटीमागून एक बाई उठली. चाळिशीची असेल. डोंगरावरच्या एका वाडीची होती.

“मी बोलू का?” तिने विचारलं.

“बोला बाई.”

“लढाई चालू व्हती तवा आमच्या वाडीची हीर आटली. आमच्या मानसांनी अर्ज केला. कचेरीतनं कागद आला का हिरीला पानी हाय. मास्तरानं वाचून दावला. सही तुमची व्हती.” ती म्हणाली. “तुमी आलं नव्हतं. कोनीच आलं नव्हतं. माझी पोर वढ्यावर पान्याला जायाची. कड्यावरनं पडली, हंड्यासकट. बारा वर्सांची व्हती.”

पाटील हार हातात घेऊन तसेच उभे. कोणीतरी मागून म्हणालं की हिला समोरच्या पार्टीने पाठवलीय. काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांनी चष्मा काढला आणि तिला वाडीचं नाव विचारलं. तिने सांगितलं. नाव ऐकून त्यांना तो कागद आठवला.

“बाई खरं बोलतायत,” ते म्हणाले. “त्या दिवसांत रेशनच्या कागदांचा ढीग होता. तलाठी म्हणाला पाणी आहे. मी ऐकलं आणि सही केली. पाहिलं नाही.” मग पाटलांकडे वळून म्हणाले, “हे माझ्या दप्तरात निघालं. मला उभं राहता यायचं नाही.”

लोकांनी पुष्कळ समजावलं. एवढ्या वर्षांत एखादी चूक कोणाच्याही हातून होतेच, असं म्हणाले. काका पारावरून उतरले, त्या बाईपुढे जाऊन हात जोडून उभे राहिले. तिने पाटी उचलली आणि निघून गेली.

परतीच्या वाटेवर गाडीत मी त्यांच्याशी जे बोलले ते आजही मला नको वाटतं. मी म्हणाले, “काका, मग आम्हाला कसला दानीएल शिकवत होता तुम्ही?”

ते म्हणाले, “दानीएलाचाच धडा शिकवत होतो. माझा नव्हे.”

मला ते उत्तर पळवाटेसारखं वाटलं. मी पुढचे रविवार त्यांच्या ओसरीवर गेले नाही. आमच्या घरांची मान खाली गेली, असं मला वाटत होतं. काकांनी मला एकदाही बोलावलं नाही. पहाटे छत्री आणि फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन ते बाहेर पडलेले मात्र मला खिडकीतून दिसत. चौथ्या-पाचव्या दिवशी दमून परत येत. आईने सांगितलं, ते त्या वाडीवर जातात. आधी त्यांनी विहिरीसाठी नवा अर्ज केला. तो कुठेतरी अडकून पडला. मग वाडीतली माणसं आणि ते स्वतः मिळून आटलेली विहीर खोल खणायला लागले.

शेवटी एका रविवारी मी डोंगर चढून वर गेले. माफी मागायची, असं ठरवून गेले होते. विहिरीच्या तोंडाशी बायका एकामागून एक उभ्या राहून मातीच्या पाट्या पुढे देत होत्या. रांगेत ती बाई होती. आणि तिच्या शेजारी, धोतर खोचून, मातीने माखलेले काका. ती त्यांच्या हातात पाटी देई, ते पुढे देत. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. वाडीतल्या एकाने मला हळूच सांगितलं, ती त्यांच्याशी एक शब्द बोलत नाही, पण त्यांच्या शेजारची जागा सोडत नाही.

काकांनी मला पाहिलं. “आलीस? इथे उभी राहा. इथे माणूस कमी पडतंय.”

मी उभी राहिले. दिवसभर पाट्या दिल्या. माफीचं बोलणं, म्हटलं, खाली गेल्यावर करू. खाली येताना ते इतके दमले होते की मी फक्त त्यांची छत्री हातात घेतली. वाटेत ते एवढंच म्हणाले, “कशेळ्याच्या लोकांनी मला उभं राहायला विचारलं होतं. आता तुला विचारतील. तू नाही म्हणू नकोस.”

पावसाळ्याआधी विहिरीला पाणी लागलं. आषाढात काकांची छाती भरली आणि मुलगी येऊन त्यांना सोलापूरला घेऊन गेली. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन भेटायचं मी ठरवलं होतं. दसऱ्याच्या आधीच काका गेल्याचं पत्र आलं.

निवडणूक झाली ती पुढच्या वर्षी. मी उभी राहिले आणि निवडून आले. घरी लोक जमले होते, आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या वाडीवर गेले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. काकांना सांगायला दुसरी जागा नव्हती, एवढंच.

ती बाई विहिरीवर पाणी काढत होती. तिने मला ओळखलं. माझ्या मागच्या वाटेकडे बघत म्हणाली, “म्हातारं नाय आलं?”

त्यांची बातमी तिथपर्यंत पोचलीच नव्हती. मी सांगितलं. तिने दोर सोडला नाही. भरलेला हंडा वर ओढला, खाली ठेवला आणि तिथेच दगडावर बसली.

“हिरीला कठडा बांधायला येतो म्हनलं व्हतं,” ती म्हणाली. “मी काय बोलले नाय. कायच बोलले नाय त्यांच्यासंगं.”

“माझंही बोलायचं राहिलं,” मी म्हणाले.

तिने सरकून मला दगडावर जागा करून दिली. खाली कोंडाणे गावाच्या बाजूने धुकं वर येत होतं. उघड्या विहिरीच्या काठी आम्ही दोघी बसून राहिलो.