तिसऱ्या प्रकरणातला नावाडी

रहस्यकादंबरी हाती आली की आमच्या घरमालकीणबाई आधी शेवटचं पान वाचत. खुनी कोण ते पाहून घेत, मान डोलावत आणि मग निवांत पहिल्या पानाकडे वळत. मी एकदा हटकलं, तर म्हणाल्या, "कोन मेलं, कोनं मारलं, हे आधी समजलं म्हंजे जीवाले घोर राहत नाही. मंग मजा येते."

दारव्ह्याला मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि मी मराठी साहित्यात जाण्याच्या तयारीत होतो. बाई प्राथमिक शाळेत शिकवत, एकट्या राहत. त्यांच्या पुढच्या खोलीत मी भोसलेकालीन रहस्यकादंबरी लिहायला घेतली. पैनगंगेला महापूर, गढीला पाण्याचा वेढा आणि आत खजिनदाराचा खून, असा सगळा थाट. पैनगंगा मी तोवर एकदाच पाहिली होती, तीही उन्हाळ्यात, बसच्या खिडकीतून. पुढे दोन प्रकाशकांनी ती कादंबरी साभार परत केली. त्यांचं काही चुकलं असं आता वाटत नाही.

रविवारी बाई अंबाडीची भाजी निवडत आणि मी प्रकरण वाचून दाखवी. शेवटचं पान लिहिलेलंच नसल्यामुळे त्यांना नाइलाजाने सुरुवातीपासून ऐकावं लागे.

"तुमचा कोतवाल मशाल घेऊन पूर पोहून राह्यला. मशाल इझली नाही काय?"

"बाई, ही कल्पनाशक्ती आहे."

"असू द्या. पन वली तर झाली असन!"

खुनी पकडला गेला त्या रविवारी मी विजयी मुद्रेने वर पाहिलं. बाई म्हणाल्या, "त्या नावाड्याचं काय झालं?"

"कोणता नावाडी?"

"तिसऱ्या प्रकरणातला. खजिनदाराले गढीवर पोचवून परत गेलता. डोंगा उलटला म्हनता, अन् मंग त्याचं नावच नाही."

त्याला बुडवून मी साफ विसरलो होतो. "त्याचा खुनाशी काही संबंध नाही, बाई."

"त्याची बायको असन ना?"

मग भाजी निवडता निवडताच त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान नेरकडून येताना नदीच्या पुरात गेले. संगतीचे सगळे सापडले, हेच तेवढे नाही. "सासू म्हने वाट पाह्य, लोक म्हनत कुंकू पूस. मी आता कोन, हे मले कोनी सांगतलंच नाही."

मी घाईघाईने म्हणालो, "नावाड्याला मी जिवंत परत आणतो." कादंबरीकाराला त्यात खर्च तो काय!

"नको. ते मले पटनार नाही," बाई म्हणाल्या. "मारा त्याले. पन सापडू द्या."

पुढच्या रविवारी मी नवं प्रकरण वाचलं. पूर ओसरतो, खालच्या एका गावात बाभळीला अडकलेला नावाडी गुराख्यांना दिसतो. गाव त्याला ओळखत नाही, तरी खांदा देतं, आणि चौकशी करत करत त्याच्या घरी निरोप पोचवतं. यात रहस्य नव्हतं, उपमाही सुचल्या नव्हत्या. मी जरा ओशाळूनच वाचलं.

बाई उठून परसातल्या विहिरीवर गेल्या. पोहऱ्याचा आवाज आला म्हणून मी दाराशी गेलो. बाई नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेत होत्या, सुतक कळल्यावर घेतात तसं.

सुतकाच्या घरी चूल शेजाऱ्यांनी पेटवायची असते. शेजारी मीच होतो. मी भात टाकला, बेसन शिजवलं. भात खाली लागला, बेसनात गुठळ्या झाल्या. ओल्या केसांनी बाई पानावर बसल्या आणि मागून मागून जेवल्या. माझ्या हातच्या कुठल्याही कृतीत त्यांनी चूक काढली नाही, असं तेवढ्याच वेळी घडलं.