क्लच बदलेपर्यंत देवी मांडीवर

देवीच्या टाकावरून जावेचा हेवा करणाऱ्या बाईने आपला अनुभव लिहावा का, असा प्रश्न मला पडतोच. तरी लिहिते. सासूबाईंनी धाकट्या मुलाकडे ठाकुर्लीला राहायला जायचं ठरवलं आणि सांगून टाकलं, "माझ्याबरोबर देवीही येईल. यंदा घट तिकडे." कुलदेवीचा चांदीचा टाक माझ्या लग्नापासून वर्तकनगरला आमच्याच देव्हाऱ्यात होता. रांगोळीने घासून मी तो लखलखीत ठेवायचा आणि आयती देवी जावेला मिळायची! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी मीच गाडी काढली. मागे सासूबाई, त्यांच्या मांडीवर खणात गुंडाळलेला टाक. कळव्याच्या पुलाचा चढ लागला आणि गाडी रखडायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलायचं, गाडी मात्र हलेना. काहीतरी करपल्याचा वास आला. खरं सांगते, मला आनंद झाला. देवीलाच जायचं नाहीये, असं मी मनात पक्कं करून टाकलं.

"आई, परत फिरू या का?" मी साळसूदपणे विचारलं.

"बाहेर काढलेली देवी परत फिरवत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि पोचेपर्यंत खाली टेकवतही नाहीत."

लोकांनी ढकलत गाडी जवळच्या गॅरेजात नेली. मेकॅनिकने हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकून क्लच सोडला. "आता इंजिन बंद पडायला पाहिजे होतं, मॅडम. चालूच आहे बघा. क्लचप्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवायला लागेल, संध्याकाळ होईल." क्लचवर पाय ठेवून चालवायची, प्लेट झिजवायची सवय माझी, पण त्या घडीला मी दोष दिला तो जावेलाच. रिक्षाचे धक्के सासूबाईंच्या कमरेला सोसत नाहीत, म्हणून थांबणं भाग होतं.

तेवढ्यात शेजारच्या घरातून एक कोळीण बाहेर आली. आमची काही ओळख ना पाळख. "देवी हाय ना मांडीवर? मंग उन्हान कशाला बसलाव? घरान या." तिने सासूबाईंना खाट दिली. आडवं होण्याआधी त्यांनी टाक माझ्या मांडीवर ठेवला.

इतक्या वर्षांत मी देवीला घासलं, पुसलं, नैवेद्य दाखवला; पण तिला घेऊन नुसती कधी बसले नव्हते. आता उठायची सोय नव्हती. मी मनातल्या मनात जावेच्या सगळ्या कागाळ्या सांगून घेतल्या. तिचं गोड बोलणं, सासूबाईंचं तिच्याकडे झुकतं माप, सगळं. सांगता सांगता कागाळ्या संपल्या. खण माझ्या हातांनी ऊबदार झाला होता आणि मला रडू कोसळलं. हेवा गेला नव्हता. पण देवीने तो सगळा ऐकून घेतला, आणि तरी मांडीवर बसून राहिली, असं वाटलं. कोळणीने चहाचा कप पुढे केला.

नवी प्लेट बसली तशी टाक पुन्हा सासूबाईंच्या मांडीवर गेला आणि गाडी सुरळीत धावली. ठाकुर्लीला उतरताना त्यांनी तो माझ्या हातात दिला. जाऊ दारात ओवाळायला उभी होती. टाक बघून ती गडबडली. "ताई, माझ्याकडून काही चुकलं तर? तुम्हीच ठेवता का?"

हेच ऐकायला मी आसुसले होते. क्षणभर खण घट्ट धरला.

"ओंजळ कर," मी म्हणाले आणि टाक तिच्या हातात ठेवला. तिची ओंजळ सुटू नये म्हणून खालून माझे हात लावले. दुपारभर तू मला मिळालीस, आता हिला मिळ, एवढंच देवीला म्हटलं. म्हणताना पोटात दुखलंच. तरी म्हटलं.