भात शिजेल ती खोली

तुमसरात भाड्यानं घेण्यासारखी एकही खोली नाही असं छातीठोकपणे सांगणारा, आणि तरी अर्ध्या तुमसराला भाड्याच्या खोलीत बसवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे मामाजी. मामाजी म्हणजे आईचे मावसभाऊ. त्यांची उभी हयात राइस मिलमध्ये धानाचा दाणा दाताखाली फोडून तो ओला की सुका हे सांगण्यात गेली. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू चावून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. माणसं मात्र आपण न चावता ओळखतो असा त्यांचा दावा होता, आणि तो साफ खोटा होता, कारण त्यांना सगळीच माणसं चांगली वाटत. गावाकडून नोकरीला, कॉलेजला आलेलं कोणतंही पोर त्यांच्या दारात उभं राहिलं की ते थैली उचलून खोली शोधायला निघत. दलाल म्हणावं तर दलाली घेत नसत. चहासुद्धा नाही. घरमालकाकडे फक्त तांब्याभर पाणी मागत, आणि तिथून घोळ सुरू होई.

कारण भात शिजवल्याशिवाय मामाजी खोली पास करत नसत. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. थैलीत एक लहानसा स्टोव्ह, काळा पडलेला जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, आणि रुमालाच्या गाठीत मूठभर चिन्नोर तांदूळ कायम असे. मालकीण बिचारी खिडकी दाखवते आहे, फळी दाखवते आहे, आणि हे जमिनीवर उकिडवे बसून स्टोव्हला पंप मारताहेत. भात होईपर्यंत भिंतीला पाठ लावून ओल बघायची, वरचा पत्रा किती तापतो ते बघायचं, शेजारी कशावरून भांडतात ते कान देऊन ऐकायचं. मग चार शितं चावून निकाल. "ओल वाळते. पत्र्यावर धानाची तणस टाकता येते," ते म्हणत, "पाणीच खराब असन तं माणूस दोन टाइम खाईन काय?" एकदा एक मालक वैतागून म्हणाला, "बुवा, तुम्ही खोली पाहून राहिले का सयपाक करून राहिले?" मामाजींनी त्यालाच घासभर वाढलं. त्यानं आपल्याच बोअरच्या पाण्याचा तो पिवळा, ताठ भात तोंडात घोळवला आणि म्हणाला, "आम्ही प्यायचं पाणी बाहेरूनच आणतो." ती खोली नापास झाली, पण दोघांची दोस्ती झाली.

मला तुमसरात एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी लागली तेव्हा मी या माणसाच्या तावडीत सापडले. आमच्या अड्याळहून रोज जाणं-येणं म्हणजे निम्मा दिवस एसटीतच. बाबा शेतकरी माणूस, कमी बोलणारे. त्यांनी एकच अट घातली, "आठ दिवसांत खोली भेटली, अन् मामाजीनं चांगली म्हटलं, तं राह्य. नाही तं वापस ये." वापस जाणं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं. नोकरी सुटणार आणि धान कापून झालं की मला पाहायला पाहुणे येणार.

त्या आठ दिवसांपुरती मी मामाजींच्या एकुलत्या एक खोलीत होते आणि मामाजी माझ्यापायी देवळाच्या ओसरीवर झोपत होते. रोज ड्युटी संपली की आम्ही निघायचो. चांगल्या खोल्यांचं भाडं ऐकूनच मी चपला घालायची. परवडणाऱ्या खोल्या 'एकटी पोरगी' म्हटल्याबरोबर कालच कोणाला तरी दिलेल्या निघायच्या. उरलेल्या, म्हणजे ज्या परवडतही होत्या आणि मालक द्यायलाही तयार होते, त्या मामाजींच्या भातात नापास व्हायच्या. सातव्या दिवशी माझा तोल गेला. मी भर रस्त्यात म्हणाले, "मामाजी, मले भात नाही, खोली पायजे." त्यांनी थैली या हातातून त्या हातात घेतली फक्त.

आठव्या दिवशी सकाळी मी एकटीच गेले आणि बाजारामागची एक खोली घेऊन टाकली. मालकीण एकटी म्हातारी. तिनं जात विचारली नाही, लग्न काहून नाही झालं तेही विचारलं नाही. "ड्युटीवरून कधी येशील? तू आल्यावर गेट लावीन," एवढंच म्हणाली. भाडं माझ्या पगारात बसत होतं. मी खिडकीत माझा कंगवा आणि आरसा ठेवून आले.

संध्याकाळी मामाजी आले. स्टोव्ह पेटला. मी धानवाल्या घरची पोर, उकळी आली तेव्हाच मला कळलं. पाणी खारं होतं. भात पिवळा झाला, शितं ताठ राहिली. त्याच वेळी बाबांचा फोन आला आणि त्यांनी मामाजींना द्यायला सांगितला. मामाजींनी घास चावला. खिडकीतल्या कंगव्याकडे पाहिलं. "भात? पहिल्या नंबरचा झाला, भाऊजी," ते म्हणाले, "पोरगी इथंच राहीन."

ज्या माणसानं मिलमध्ये शेठजीच्या तोंडावर ओल्या धानाला ओलंच म्हटलं होतं, तो माझ्यासाठी खोटं बोलला. मला रडूच आलं. मामाजींनी तो सगळा भात खाल्ला. मी गंज ओढायला लागले तर म्हणाले, "राहू दे बाई, अन्न आहे." दुसऱ्या सकाळी सायकलला कॅन अडकवून दारात हजर. त्यांच्या देवळाजवळच्या विहिरीचं पाणी. पुढं पाऊस असो की ऊन, दोन वर्षं रोज एक कॅन.

आता गुडघे गेले म्हणून ते नागपूरला लेकाकडे असतात. जाताना थैली माझ्या खोलीत खुंटीला अडकवून गेले. मागच्या महिन्यात मी फोनवर म्हटलं, पगार वाढला मामाजी, आता गोड्या पाण्याची खोली पाहते. ते म्हणाले, "पाह्य. पण मी भात खाल्ल्याबिगर घेऊ नको."

त्यांना आता जिना उतरवत नाही. तेही जाणतात, मीही जाणते. मी हो म्हटलं, आणि अजून एकही खोली बघायला गेलेली नाही.