फाईलची पहिली ओळ

कुंदाबाईंची पहिली ओळख झाली ती त्यांनी माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला तेव्हा. "एवढी लांब आज्ञा रोज हातानं काऊन टाईप करतोस? एक दिवस चुकशीलच."

चंद्रपूरच्या आमच्या संस्थेत मी तेव्हा नवा होतो. फ्लॉपीचे दिवस. आरोग्य केंद्रांतून हिवतापाचे रक्तनमुने तपासून आलेली माहिती एकत्र करायची, आणि औषध कोणाला द्यायचं त्याची यादी दर सोमवारी बसने तालुक्याला पाठवायची, हे आमचं काम. कोणता तालुका, कोणता आठवडा, हे सगळं बाईंनी एका छोट्या फाईलमध्ये लिहायला लावलं. प्रोग्राम ती फाईल वाचून चाले. पहिल्या ओळीत भरणाऱ्याचं नाव. शिवाय चालवण्याआधी दुसऱ्याने पूर्ण फाईल मोठ्याने वाचायची. हजेरी घेतल्यासारखं ते ऐकून मला हसू यायचं.

एका सोमवारी धानोरा तालुक्याची फाईल भरायची पाळी माझी होती. भरली असं मी धरूनच चाललो, आणि कोणाला वाचायला न लावता प्रोग्राम चालवून मोकळा झालो. पडद्यावर 'काम पूर्ण झाले' आलं. यादी बसने गेली.

दुपारी बाईंनी फाईल उघडली. "आठवडा मागचा हाय रे!" या आठवड्यात तापाने फणफणलेल्यांपैकी एकाचंही नाव यादीत नव्हतं! बाईंनी नवी यादी काढली आणि गडचिरोलीहून बस बदलून स्वतः धानोरा गाठलं. एका मुलीचा ताप मेंदूत जायच्या बेतात होता. ती वाचली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, फाईल कोणी भरली? ती तर मागच्या आठवड्याची, बाईंनीच भरलेली. पहिल्या ओळीत त्यांचं नाव. मी तोंड उघडणार तोच बाई म्हणाल्या, "नाव माह्यं हाय ना साहेब? मंग झालं." मी गप्प बसलो.

नंतर विचारलं, "बाई, काऊन केलं असं?"

"तुले काढून टाकलं असतं. मले नुसते बोलले. जा, फाईल भर."

नुसते बोलले नव्हते. विभागप्रमुखपद त्या चुकीपायीच दुसऱ्याला गेलं, हे मला कित्येक वर्षांनी कळलं. बाईंनी मात्र चकार शब्द काढला नव्हता, आणि माझ्या मुलीच्या बारशाला त्याच सर्वांत आधी आल्या होत्या.

आज त्यांच्या साठीनिमित्त सर्वजण त्यांच्या शिस्तीबद्दल लिहितील. मला लाज वाटते ती माझ्या गप्प बसण्याची. त्यांनी शतायुषी व्हावं, गुडघ्यांनी त्यांना कधी थांबवू नये, आणि हा लेख त्यांनी सर्वांसमोर मोठ्याने वाचावा. त्या सोमवारच्या फाईलची पहिली ओळ आता दुरुस्त करतो: भरणार होता, भरली नाही — सुरेश निमगडे.