मध्यंतर नसलेलं नाटक

माझी वहिनी नाटकं लिहिते आणि त्यांत कामही करते. हे मी कुणाच्याही घरी सांगितलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग स्वयंपाक कोण करतं?" दुसरा जरा वरच्या पातळीवरचा, "लिहायला तुमचे दादा मदत करत असतील, नाही का?"

माझ्या दादाचं चष्म्यांचं दुकान आहे. माणूस देवासारखा, पण लेखनाशी त्याचा संबंध 'आज दुकान बंद राहील' या पाटीपुरता, आणि तीसुद्धा वहिनीनेच लिहून दिलेली. तरी प्रत्येक नव्या नाटकानंतर पेपरात छापून येई, 'संवादांमागे यजमानांचा अनुभवी हात जाणवतो.' गिऱ्हाइकं दुकानात येऊन दादाचं अभिनंदन करत. सुरुवातीला तो "अहो, मी नाही हो" म्हणायचा. मग नुसता हसायला लागला. पुढे पुढे तर "हं, जमून गेलं खरं" इथपर्यंत त्याची मजल गेली.

वहिनी विशीत नायिका होती, तेव्हा तिचा चेहरा बोलका होता. लग्नानंतर तो 'अजूनही बोलका' झाला. मग तिला आईच्या भूमिका मिळू लागल्या, त्याही तिच्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान असलेल्या नायकांच्या आईच्या. त्या संपल्यावर नटीला भिंतीवरचा हार घातलेला फोटो व्हावं लागतं, नाहीतर स्वतः लिहावं लागतं. वहिनीने लिहायला घेतलं.

तिच्या सगळ्या नाटकांचं परीक्षण एकाच थोर समीक्षकाने केलं. नाटक कंपनीतली पोरं त्यांना मध्यंतरराव म्हणत. पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसायचं, मध्यंतरात कँटीनचा फुकट चहा घ्यायचा, "छान चाललंय" म्हणायचं आणि मागच्या दाराने घरी जायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. साहजिकच, दुसऱ्या दिवशी परीक्षणात 'उत्तरार्ध मात्र ढिला पडला आहे' हे वाक्य असायचंच. एकदा नायकाचा घसा बसला आणि मध्यंतरानंतर प्रयोगच रद्द झाला. उत्तरार्ध त्याही दिवशी ढिला पडला होता.

यंदाच्या नाटकाच्या वेळी थिएटरच्या मॅनेजरने वहिनीला स्पष्टच सांगितलं, "बाई, पुन्हा 'ढिला' छापून आलं तर रविवार जादूगाराला देणार. त्याचा उत्तरार्ध कधी ढिला पडत नाही. तो बाईला मधोमध कापतो."

वहिनी घरी आली, तेव्हा मी तिच्याकडेच होते. भाजी निवडता निवडता म्हणाली, "वन्सं, मी मध्यंतरच काढून टाकते."

"आणि कँटीनवाला?"

"तो मला कापेल. मधोमध."

कँटीनवाल्याने खरोखरच आकाशपाताळ एक केलं. "मध्यंतर नाही तर माझे वडे कोण खाणार, तुमची पात्रं?" शेवटी प्रयोगाआधी अर्धा तास कँटीन उघडायचं ठरलं आणि तो धुसफुसत का होईना, तयार झाला. तिकिटं बघून जागेवर बसवणाऱ्या माणसाला वहिनीने एवढंच सांगितलं, "साहेबांना आज मधली खुर्ची द्या. मानाची."

नाटकातली बाई टेलिफोन ऑपरेटर असते. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देते आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या मुलीशी काय बोलावं हे तिला कळत नाही. मुलगी येते ती शेवटच्या प्रसंगात; तोवर वहिनी स्टेजवर एकटी, कानाला हेडफोन, समोर तारांचा बोर्ड. मी तिसऱ्या रांगेत होते. दादा माझ्या शेजारी, अनुभवी हात मांडीवर ठेवून.

नाटकाचा अर्धा भाग होऊन गेला आणि मध्यंतररावांची चुळबुळ सुरू झाली. त्यांनी घड्याळ पाहिलं, मागे वळून दिवे लागतात का पाहिलं. मग उठले. दोन्ही बाजूंना गुडघ्यांची भिंत. "जरा... जरा जाऊ द्या," असं कुजबुजत ते एका जाड्या बाईंच्या पर्समध्ये अडकले. सगळं थिएटर नाटक सोडून त्यांच्याकडे बघायला लागलं.

वहिनी थांबली. हेडफोन कानाशी नीट दाबला आणि सरळ त्यांच्याकडे बघत, ऑपरेटरच्याच आवाजात म्हणाली, "साहेब, लाइन सोडू नका. बोलणं अजून चालू आहे."

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, हा माणूस नाटकातलाच. जाड्या बाई त्यांचा कोट ओढून म्हणाल्या, "बसा की, तुमचं काम झालं." ते बसले. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वहिनीचं नाटक शेवटपर्यंत पाहिलं. नाइलाजाने का होईना, पाहिलं.

परीक्षण आलं ते असं, की आमच्या घरी सकाळी कुणी चहाला हात लावेना. प्रेक्षकांना कोंडून ठेवणं ही कला नव्हे, इथपासून सुरुवात. पुढे लिहिलं होतं, 'तारांच्या बोर्डासमोरचा प्रसंग लेखिकेने उत्तम बांधला आहे. म्हणूनच शेवट अधिक खटकतो. वीस वर्षं मनात धरलेला राग मुलगी दोन वाक्यांत सोडून देते. लेखिकेला घरी जायची एवढी घाई कसली होती?'

घाईबद्दल बोलायचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाचा असणार!

मॅनेजरचा फोन आलाच. रविवार जादूगाराला गेला. "मंगळवारी दुपारी थिएटर रिकामंच असतं, हवं तर घ्या," तो म्हणाला.

"घेतला मंगळवार," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवून पुन्हा पेपर वाचायला बसली. मला वाटलं, आता रडेल. मी पदर सावरून तयारीतच होते. तर ही पेन्सिल घेऊन नाटकाच्या वहीतल्या शेवटच्या प्रसंगावर काट मारत होती.

"मेल्याने बरोबर पकडलंय, वन्सं. ती मुलगी इतक्या लवकर माफ करणारच नाही. तालमीतसुद्धा मला तिथे अडखळायला व्हायचं."

"अगं, त्याने तुला धुऊन काढलंय!"

"हो, पण मला. 'लेखिका' म्हणालाय. दोनदा."

दादाने पेपर ओढून घेतला, चष्मा नाकावर चढवून वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून मागेही पाहिलं. "माझं कुठे काहीच नाही," तो जरा खट्टू होऊन म्हणाला.

"नाही हो. या खेपेच्या चुका सगळ्या माझ्याच आहेत," वहिनी म्हणाली, आणि मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही मुलगी व्हा. मी दार वाजवते. तुम्ही उघडायचं, पण आत या म्हणायचं नाही."

मी दारात उभी राहिले. माफ न करणं मला तसं अवघड गेलं नाही. मी तिची नणंदच आहे.